एकशे अठ्ठावीस प्रश्न पाठ झाले, तारखांचं काय? मंडळांच्या कार्यकारिणींना खुलं पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य

सप्रेम नमस्कार.

गणपती आणि दिवाळीच्या मधला एखादा शनिवार बघून बरीच मंडळं अमेरिकी नागरिकत्वाच्या तयारीचं शिबिर भरवतात. नागरिकशास्त्राच्या परीक्षेतल्या १२८ प्रश्नांची पुस्तिका वाटली जाते, दोन गट पाडून प्रश्नमंजूषा होते, बटाटेवडे होतात आणि मंडळी घरी जातात. उपक्रम चांगला आहे, तो बंद करा असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पण ज्या परीक्षेची एवढी तयारी करून घेतली जाते, तिथे आपली माणसं क्वचितच अडकतात. ती अडकतात प्रवासाच्या तारखांत, वाहन परवान्याच्या खिडकीवर घाईत मारलेल्या एका खुणेत, दहा वर्षांपूर्वीच्या अनुभवपत्रात आणि नागरिकत्वाच्या शपथेनंतरही कपाटात राहिलेल्या भारतीय पासपोर्टात. शिबिरात याबद्दल एक शब्दही निघत नाही, म्हणून हे पत्र.

परीक्षेचं आधी आटोपून घेऊ. २० ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज भरलेल्यांना नवी परीक्षा आहे. १२८ पैकी २० प्रश्न विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. १२ बरोबर किंवा ९ चूक झाले की अधिकारी थांबतो. इंग्रजीचं एक वाक्य वाचायचं, एक लिहायचं, प्रत्येकासाठी तीन संधी. नापास झालं तर ६० ते ९० दिवसांत त्याच अर्जावर पुन्हा बोलावतात. शिबिरात सांगायलाच हवं ते ज्येष्ठांबद्दल. अर्जाच्या दिवशी वय ५० आणि ग्रीनकार्डाची २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं झाली असतील, तर इंग्रजीची अट नाही. नागरिकशास्त्राची परीक्षा मराठीत देता येते, दुभाषी आपण न्यायचा. वय ६५ आणि २० वर्षं असतील तर खूण केलेल्या २० प्रश्नांतूनच १० विचारतात आणि ६ पुरतात. त्यामुळे ग्रीनकार्डाची १५ वर्षं झालेल्या, पण पंचावन्न पूर्ण व्हायला चार महिने असलेल्या काकूंना इंग्रजी वाक्यं घोकायला लावण्यापेक्षा चार महिने थांबायला सांगणं शहाणपणाचं. आणि ज्यांना इंग्रजीत द्यायची आहे ते प्रश्नांवर सहसा अडत नाहीत. ते अडतात अर्जातल्याच एखाद्या शब्दाचा अर्थ अधिकाऱ्याने विचारला की. ‘ओथ म्हणजे काय?’, ‘अलीजन्स म्हणजे काय?’ याचा सराव कुणीच करून घेत नाही.

आता तारखा. आपल्या समाजातले सर्वांत जास्त घोटाळे इथेच होतात.

नियम ऐकायला सोपा आहे. ग्रीनकार्डाची ५ वर्षं, त्यातले निम्मे म्हणजे ९१३ दिवस प्रत्यक्ष अमेरिकेत, आणि अर्ज करताना त्या राज्यात ३ महिन्यांचा मुक्काम. अर्ज ९० दिवस आधी करता येतो. कार्डावर १५ जून २०२१ छापलं असेल तर पहिला दिवस १७ मार्च २०२६. १६ मार्चला भरलात तर अर्ज नाकारला जाऊ शकतो, आणि ऑनलाइन भरलेले ७१० डॉलर (कागदी अर्जाला ७६०) परत मिळत नाहीत. जाता जाता हेही फलकावर लिहा की कुटुंबाचं उत्पन्न ठरावीक मर्यादेत असेल तर शुल्क ३८० डॉलर होतं. निवृत्त आईवडिलांच्या घरात हा फरक मोठा असतो आणि तो बहुतेकांना माहीतच नसतो.

पण दिवस मोजण्यात दोन वेगळ्या कसोट्या आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक म्हणजे एकूण दिवस. दुसरी म्हणजे सलग वास्तव्य. एकाच वेळी १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात, तर वास्तव्य तुटलं असं गृहीत धरतात आणि ते तुटलं नाही हे सिद्ध करणं तुमच्यावर येतं. त्यासाठी घर, नोकरी, मागे राहिलेलं कुटुंब आणि करविवरणपत्रं दाखवावी लागतात. वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर ते तुटलंच.

उदाहरण घ्या. आई १० नोव्हेंबर २०२३ ला नेवार्कहून निघाली आणि २० मे २०२४ ला परतली. ‘सहा महिनेच होते की,’ असं घरचे म्हणतात. निघाल्याचा आणि आल्याचा दिवस अमेरिकेतला धरतात, म्हणून ११ नोव्हेंबर ते १९ मे मोजा. २०, ३१, ३१, २९, ३१, ३० आणि १९ मिळून १९१ दिवस होतात. ती ८ मेला परतली असती तर १७९ झाले असते. बारा दिवसांचा फरक, बहुधा तिकिटाच्या दरासाठी केलेला.

हिवाळा पुण्यात आणि उन्हाळा न्यू जर्सीत काढणाऱ्यांचं एकूण गणितही मांडून दाखवा. पाच वर्षांचे १८२६ दिवस. दरवर्षी १७० दिवस बाहेर असाल तर ८५० वजा होऊन ९७६ उरतात, म्हणजे जमलं. दरवर्षी १८५ दिवस असाल तर ९२५ जाऊन ९०१ उरतात. बारा दिवस कमी, आणि प्रत्येक फेरी १८० ओलांडणारी.

रीएंट्री परमिटबद्दल, म्हणजे बराच काळ बाहेर राहून परत येण्याच्या परवान्याबद्दल, गैरसमज फार पक्का आहे. ते परमिट ग्रीनकार्ड वाचवतं. नागरिकत्वासाठीचं सलग वास्तव्य ते वाचवत नाही. आजारी वडिलांसाठी परमिट घेऊन चौदा महिने सांगलीत राहिलेल्या माणसाचं ग्रीनकार्ड शाबूत राहतं, पण नागरिकत्वाचं घड्याळ नव्याने सुरू होतं. परतल्यापासून चार वर्षं आणि एक दिवस झाला की अर्ज करता येतो. तरीही मागच्या पाच वर्षांच्या खिडकीत सहा महिन्यांहून मोठी गैरहजेरी दिसतेच, म्हणून साडेचार वर्षं थांबलेलं बरं. अमेरिकी कंपनीने परदेशी पाठवलेल्यांसाठी एन-४७० नावाचा वेगळा अर्ज आहे, पण त्यालाही आधी अमेरिकेत सलग एक वर्ष काढलेलं लागतं.

तारखा भरताना होणारी चूक आणखी क्षुल्लक असते. रात्रीच्या विमानाने अमेरिका सोडली ८ जूनला, मुंबईचा शिक्का ९ जूनचा. लोक भारताचा शिक्का बघून ९ लिहितात. किंवा शिक्क्यावरचं ०८/०६ हे अमेरिकी पद्धतीने ६ ऑगस्ट समजतात. अधिकाऱ्याच्या पडद्यावर सीमाशुल्क खात्याच्या नोंदी असतात. आय-९४ च्या (देशात आल्या-गेल्याच्या नोंदीच्या) संकेतस्थळावर आपला प्रवासाचा इतिहास आपल्यालाही दिसतो, पण तो कधी कधी अपुरा असतो. म्हणून तो, जुने पासपोर्ट आणि विमान कंपनीचे ईमेल असे तिन्ही समोर ठेवून यादी करावी.

तीन वर्षांच्या सवलतीबद्दल थोडक्यात. नागरिकाशी लग्न झालेल्याला ५ ऐवजी ३ वर्षं आणि ५४८ दिवस लागतात. पण ती तिन्ही वर्षं जोडीदार नागरिक असला पाहिजे आणि दोघं एकत्र राहत असली पाहिजेत. नवऱ्याने गेल्या वर्षी शपथ घेतली म्हणून बायकोला ही सवलत लगेच मिळत नाही. एक डॅलसला आणि एक सिअ‍ॅटलला नोकरी करत असतील तर पाच वर्षांचा रस्ता धरलेला बरा.

यापुढचा भाग कृपया मंचावरून, माईक हातात घेऊन सांगा.

१९९३ च्या कायद्यापासून वाहन परवान्याच्या अर्जाबरोबर मतदार नोंदणीही होते. खिडकीवरचा कर्मचारी पटापट विचारतो, आपण पटापट ‘येस’ म्हणतो, सही करतो. दोन महिन्यांनी मतदार ओळखपत्र घरी येतं. काही जण त्यावर कौतुकाने मतदानही करतात. ग्रीनकार्डधारकाने संघीय निवडणुकीत मत देणं हा गुन्हा आहे आणि देशाबाहेर काढण्याचं कारण आहे. स्वतःला नागरिक म्हणवणं त्याहून गंभीर आहे, कारण त्याला माफीची वाट जवळजवळ नाही. नोकरीला लागताना भरायच्या आय-९ फॉर्मवर चुकून ‘नागरिक’ या पहिल्याच चौकोनात खूण करणं हासुद्धा त्यातलाच प्रकार. मेरीलँडमधल्या टाकोमा पार्कसारख्या काही गावांत स्थानिक निवडणुकीत बिगरनागरिकांना मत आहे, त्यामुळे गोंधळ वाढतो. ते मत त्या गावापुरतंच. कुणाचं नाव चुकून लागलं असेल तर काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला लिहून ते काढून घ्यावं, मत दिलं होतं की नाही याची लेखी नोंद मागावी आणि एन-४०० भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाकडे जावं. अर्जावर ‘कधीच नाही’ लिहून मोकळं होणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. ज्युरी ड्यूटीचं पत्र आलं तर मात्र घाबरायचं नाही. ‘नागरिक नाही’ या चौकोनात खूण करून ते परत पाठवायचं आणि प्रत जपून ठेवायची.

अर्जातल्या ‘कधी तरी’ प्रश्नांना खरंच ‘कधी तरी’ असंच वाचा. कॉलेजात एनसीसीत रायफल चालवली असेल तर शस्त्रप्रशिक्षणाच्या प्रश्नाला ‘हो’ लिहून एका ओळीत खुलासा द्या, त्याने काही बिघडत नाही. पोलिसांनी एकदा पकडून सोडून दिलं, खटला रद्द झाला, तरी लिहायचं. गांजा कॅलिफोर्नियात कायदेशीर असेल, संघीय कायद्यात नाही, आणि नागरिकत्व संघीय कायद्यावर चालतं. मुलाखतीत सहज ‘हो, कधी तरी घेतो’ म्हटलं तरी चारित्र्याच्या कसोटीवर अर्ज अडू शकतो. पाच वर्षांत दोनदा दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा सिद्ध झाला असेल तर अर्ज जवळजवळ बुडाला समजा. घर बदललं की दहा दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरायचा. सव्विसाव्या वाढदिवसाआधी ग्रीनकार्ड मिळालेल्या मुलाचं नाव सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये (लष्करभरतीसाठीच्या नोंदणीत) हवं. एच-४ (अवलंबिताच्या) किंवा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असताना ते लागत नसतं, म्हणून कार्ड आल्यावर करायचं राहून जातं. आणि ग्रीनकार्ड असताना कुणा स्वस्त कर सल्लागाराने १०४०-एनआर हे अनिवासींचं करविवरणपत्र भरलं असेल, तर तुम्ही स्वतःच ‘मी इथला रहिवासी नाही’ असं लिहून दिलंय. कर थकलेला असेल तर हप्त्यांचा करार करून त्याची पावती मुलाखतीला न्यावी.

गेलेलं नागरिकत्व हा विषय शिबिरात कुणी काढतच नाही. अमेरिकेत जन्मलेल्याचं किंवा रीतसर नागरिक झालेल्याचं नागरिकत्व त्याच्या इच्छेविरुद्ध काढून घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली अफ्रॉयिम खटल्यात सांगितलं. पण ते मुळात चुकीने मिळालं असेल तर गोष्ट वेगळी. सरकारला संघीय न्यायालयात जाऊन ठोस पुराव्याने ते सिद्ध करावं लागतं. २०१७ च्या मास्लेन्याक निकालाने हेही स्पष्ट केलं की फौजदारी खटल्यात कुठलंही फुटकळ खोटं पुरत नाही, नागरिकत्व मिळण्यात त्या खोट्याचा हात असावा लागतो. जून २०२५ मध्ये न्याय खात्याने अशा दिवाणी खटल्यांना प्राधान्य द्यायचं लेखी धोरण काढलं. आपल्या आयटीवाल्यांना याचा संबंध कुठे येतो? ग्रीनकार्डाच्या फाइलमध्ये. कन्सल्टन्सीने ‘बसवून दिलेलं’ अनुभवपत्र, कधीच न केलेली नोकरी, कार्ड हातात आल्या आठवड्यात सोडलेला मालक. एन-४०० च्या वेळी अधिकारी ती जुनी फाइल पुन्हा उघडतो, कारण कार्ड कायदेशीरपणे मिळालेलं असणं ही नागरिकत्वाची पहिली पायरी आहे. नोकरी बदलण्यात गुन्हा नाही. पण बदलली असेल तर ऑफर लेटर, पगारपत्रकं आणि आय-४८५ (ग्रीनकार्डाचा अर्ज) प्रलंबित राहिल्याच्या १८० दिवसांचा हिशेब जवळ असावा. खोटं लपवून मिळवलेलं नागरिकत्व गेलं तर त्याच्या आधारावर मुलांना मिळालेलंही धोक्यात येतं.

हे भारतीयांना नवीन नाही. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात ‘हिंदू गोरे नाहीत’, म्हणून नागरिकत्वाला पात्र नाहीत, असा निकाल लागला आणि आधी नागरिक झालेल्या भारतीयांवर सरकारने नागरिकत्व रद्द करण्याचे खटले भरले. थिंड यांची बाजू मांडणारे वकील सखाराम गणेश पंडित स्वतः १९१४ मध्ये नागरिक झाले होते. त्यांच्यावरही खटला झाला आणि तो ते १९२६ मध्ये अपील न्यायालयात जिंकले, कारण त्यांना नागरिकत्व देणारा न्यायालयाचा आदेश अंतिम होता आणि सरकारने त्याविरुद्ध वेळेत अपील केलं नव्हतं. कागद नीट असणं म्हणजे काय, ते त्या निकालात दिसतं. भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने आला.

मुलांकडे वळू. अठरा वर्षांखालचं, ग्रीनकार्ड असलेलं, अमेरिकेत नागरिक पालकाच्या ताब्यात राहणारं मूल त्या पालकाने शपथ घेताच आपोआप नागरिक होतं. त्याला एन-४०० लागत नाही. पण ‘अठराच्या आत’ हे शपथेच्या दिवशी मोजतात, अर्जाच्या नव्हे. मुलगी जूनमध्ये अठराची होणार असेल आणि मुलाखत मार्चमध्ये झाली असेल, तर शपथविधी जूनच्या आधी मिळावा म्हणून तेव्हाच लेखी विनंती करा. एक दिवस चुकला तर तिला स्वतःचा अर्ज, स्वतःचे पैसे. आजी-आजोबांकडे नाशिकला शिकायला ठेवलेलं मूल अमेरिकेत राहत नाही, म्हणून त्याला हे आपोआप लागू होत नाही, एन-६००के या वेगळ्या अर्जाचा मार्ग घ्यावा लागतो. पासपोर्ट काढला की पुरतं, पण पासपोर्टाची मुदत संपते, नागरिकत्व प्रमाणपत्राची नाही. त्या प्रमाणपत्रासाठीच्या एन-६०० अर्जाला ऑनलाइन १,३३५ डॉलर आणि कागदी अर्जाला १,३८५ लागतात, हा खर्च करायचा की नाही ते घराघराने ठरवावं. महापालिकेच्या जुन्या जन्मदाखल्यात कधी कधी नावाची जागा कोरी असते, ती आधी भारतातून भरून घ्या. त्याला महिने लागतात.

नागरिक होऊन भारतात परतलेल्यांना मूल झालं आणि दुसरा जोडीदार नागरिक नसेल, तर नागरिक पालकाने जन्माआधी अमेरिकेत एकूण ५ वर्षं काढलेली लागतात, त्यातली २ चौदा वर्षांच्या वयानंतरची. यात एच-१बी आणि विद्यार्थी व्हिसावरचे दिवसही धरतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

शेवटचा टप्पा शपथ आणि भारत. मुलाखत ‘पास’ झाली म्हणजे नागरिक झालो, असं नाही. शपथ घेतली तो क्षण खरा. त्याच क्षणी भारताच्या नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ ने भारतीय नागरिकत्व संपतं. शपथेतले शब्द कडक असले तरी अमेरिका दुसरं नागरिकत्व सोडायला लावत नाही, भारत ठेवू देत नाही. (गोव्यातल्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना पोर्तुगाल आपलं नागरिकत्व ठेवू देतो, म्हणून त्यांचा अनुभव इतरांना लागू करू नका.) शपथेच्या दारात ग्रीनकार्ड काढून घेतात, भारतीय पासपोर्ट निरुपयोगी झालेला असतो, अमेरिकी पासपोर्ट यायला आठवडे लागतात. या मधल्या काळात भारतात वडिलांची प्रकृती बिघडली तर? १४ दिवसांत निघायचं असेल तर पासपोर्ट एजन्सीत तातडीची वेळ मिळते, आणि पासपोर्ट हातात आला की ओसीआयची (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाची) वाट न पाहता ई-व्हिसावर जाता येतं. भारतीय पासपोर्टावर ‘एवढी एकच फेरी’ मारायची नाही. त्यासाठी दंड आहे, आणि तो भारतीय पासपोर्ट परत केल्याचं सरेंडर प्रमाणपत्र घेताना निघतोच. मुलांच्या भारतीय पासपोर्टांचं सरेंडरही वेगवेगळं. पासपोर्टच्या अर्जाबरोबर नागरिकत्वाचं मूळ प्रमाणपत्र पाठवलं तर ते परत यायला वेळ लागतो आणि नेमकं तेव्हाच ओसीआयला त्याची प्रत हवी असते. टपालात टाकण्याआधी स्कॅन करून ठेवा.

नावाची एक अडचण आपल्याकडे बऱ्याचदा येते. भारतीय पासपोर्टात आडनावाची जागा कोरी असेल तर आपलं नाव आडनावाच्या जागी जातं आणि ग्रीनकार्डावर नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन) छापून येतं. नाव सुधारायला नागरिकत्व अर्ज ही चांगली संधी आहे, पण ते फक्त न्यायालयात होणाऱ्या शपथविधीतच बदलून मिळतं. नवं नाव आणि भारतीय पासपोर्टातलं नाव यांची साखळी जोडणारा कागद सरेंडरच्या वेळी द्यावा लागतो. सासरचं-माहेरचं नाव बदललेल्यांनी विवाह प्रमाणपत्र आधीच हाताशी ठेवावं.

सातबाऱ्याची भीती मात्र अनाठायी. ओसीआयला शेतजमीन विकत किंवा बक्षीसपत्राने घेता येत नाही, पण हे बंधन अनिवासी भारतीयांनाही आहे, नागरिकत्वामुळे ते नव्याने लागत नाही. वारसाने नाव लागायला हरकत नाही. खरोखर जातं ते भारतातलं मत आणि सार्वजनिक पद. म्हणून गावच्या मतदार यादीतलं नाव फॉर्म ७ भरून काढून घ्यायला हवं. निवडणुकीला गावी जाऊन ‘नाव आहे ना, मग टाकतो मत’ हा उत्साह दोन्हीकडे चुकीचाच.

पुढे अमेरिकी नागरिकत्व सोडायचं झालं तर देशाबाहेर, वकिलातीत अधिकाऱ्यासमोर शपथ घ्यावी लागते. मागच्या पाच वर्षांचे कर नीट असल्याचं प्रमाणित करता आलं नाही किंवा संपत्ती २० लाख डॉलरच्या पुढे असली, तर बहिर्गमन कर (नागरिकत्व सोडताना संपत्तीवर लागणारा कर) बसू शकतो. नागरिक न होता ग्रीनकार्ड परत करणाऱ्यांनाही, १५ पैकी ८ करवर्षं ते जवळ असेल तर, हाच नियम. ‘नागरिक नको, ग्रीनकार्डच बरं’ म्हणणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

आमची मागणी तीन गोष्टींची. प्रश्नमंजूषा तासाभरात उरका आणि उरलेला वेळ दिवस मोजण्याच्या टेबलांना द्या. प्रत्येक टेबलावर एक कॅलेंडर, एक कॅलक्युलेटर आणि मागच्या पाच वर्षांचा कोरा तक्ता असावा. दिवसभरासाठी एक इमिग्रेशन वकील किंवा न्याय खात्याची मान्यता असलेला प्रतिनिधी बोलवा, कारण स्वयंसेवकाने कायदेशीर सल्ला द्यायचा नसतो, आणि कुणाचा अर्ज भरून दिला तर ‘तयार करणारा’ या रकान्यात स्वतःचं नाव लिहून सही करायची असते. आणि निमंत्रणात वड्यांच्या ओळीखाली एवढं छापा: सगळे जुने पासपोर्ट, ग्रीनकार्ड, आय-९४ चा छापील इतिहास, मागच्या पाच वर्षांच्या करविवरणपत्रांच्या प्रती, आणि मतदार ओळखपत्र घरी आलं असेल तर तेही, उघडलेलं असो वा न उघडलेलं.

कळावे, लोभ असावा.

आपले,
नागरिकत्व शिबिरांत तारखांच्या टेबलावर बसणारे काही स्वयंसेवक